मी सांगेपर्यंत अळणी

मला आज्ञाधारक माणसांची पहिल्यापासून चीड आहे. मी अमरावतीत एका ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. फळ्यावर मुद्दाम चुकीचं समीकरण लिहिलं तरी काही मुलं माना हलवत ते वहीत उतरवून घेतात. त्यांच्याकडे पाहिलं की मला शिकवण्याचाच कंटाळा येतो. नशिबाचा खेळ असा, की मुकाट्यानं ऐकण्यात या मुलांनाही मागे टाकेल अशी एकच व्यक्ती मला भेटली, आणि ती माझी आई आहे.

आई धामणगावकडची, शेतकऱ्याची मुलगी. आधी तिनं बापाचं ऐकलं, मग सासूचं, मग माझ्या वडिलांचं. वडील गेले, शेत चुलतभावानं वाहायला घेतलं आणि आई माझ्याकडे अमरावतीला आली. इथे तिला काही सांगणारं कोणी उरलंच नाही. मी सांगून पाहिलं, पण मुलीचं सांगणं म्हणजे तिच्या लेखी कटकट. पुण्याचा भाऊ फोनवर सांगायचा, पण तो पडला धाकटा. आई घरात नुसती फिरत राहायची. पुसलेला ओटा परत पुसायची आणि मग खिडकीशी जाऊन उभी राहायची. अशा बाईला एखादे महाराज न सापडते तरच नवल.

महाराज अकोल्याचे. शहराबाहेर कापसाच्या एका बंद पडलेल्या जिनिंगच्या आवारात त्यांचा आश्रम आहे. पूर्वी म्हणे अकोटला त्यांचं बी-बियाण्याचं दुकान होतं. मला हे ऐकून मुळीच आश्चर्य वाटलं नाही. बी उगवलं नाही की शेतकऱ्याला म्हणायचं, बियाणं चांगलंच होतं, तुमचीच जमीन तयार नव्हती. ही दुकानातली विद्या त्यांनी जशीच्या तशी इकडे आणली होती. प्रवचनात त्यांचं पालुपदच ते होतं: "बी आम्ही देऊ, जमीन तुम्ही तयार करा." माईकवर ते असं शुद्ध बोलायचे. माईक बंद झाला की शिष्याला म्हणायचे, "काबे, पंखा काहून बंद केला?"

बी म्हणजे नाम. महाराज ते कानात सांगत, त्याला अनुग्रह म्हणत. पण तो असा मागितला की मिळत नसे. त्याआधी तयारी. आश्रमात माणसांचे दोनच प्रकार होते, 'झालेले' आणि 'तयारीतले'. झालेले पुढे खुर्च्यांवर बसत. तयारीतले दोरीच्या मागे सतरंजीवर. दोरी नायलॉनची होती, कपडे वाळत घालायची. एवढी माणसं त्या दोरीपलीकडे जाण्यासाठी वर्षानुवर्षं ताटकळत, हे बघून मला हसू यायचं. आई मात्र तिच्याकडे देवळाच्या उंबरठ्याकडे बघावं तसं बघायची.

आईला नाम हवं होतं. दुसरं काही नको होतं. तिची आई, म्हणजे माझी आजी, नाम न घेता गेली होती आणि ते आईच्या मनाला लागून राहिलं होतं. त्यात आईचा डावा कान आधीच गेलेला. "एक कान हाय तवर नाव पडू दे माय त्याच्यात," ती म्हणायची. "मंग डोळे मिटले तरी चालते." एवढंच मागणं. यात कोणाचं काय जात होतं?

तयारीची रीत अशी होती. प्रत्येकाला महाराज एक आज्ञा देणार. ती पाळायची. पाळली, की कधीतरी तेच सांगणार, सुटलात म्हणून, आणि मग अनुग्रह. पहिल्या दिवशी मी आईबरोबर गेले होते, म्हणून ते सगळं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. रांग सरकत होती. एकाला म्हणाले, चहा सोडा. एकीला म्हणाले, दुपारी झोपू नका. आमच्याच कॉलनीतले एक वकील आईच्या पुढे होते, त्यांना गुरुवारचं मौन मिळालं. मग आई. महाराजांनी तिच्याकडे नीट बघितलंही नाही. त्यांचं लक्ष मागच्या एका मोठ्या गाडीवाल्याकडे होतं. म्हणाले, "अळणी खा. मी सांगेपर्यंत." आणि पुढच्याकडे वळले. एसटीचा कंडक्टर तिकीट फाडताना याहून जास्त वेळ देतो.

भिंतीवर निळ्या ऑइलपेंटनं लिहिलं होतं: आज्ञा घ्यावी. आज्ञा पाळावी. आज्ञेविषयी विचारू नये.

आईला वाचता येतं. तिनं ते वाचलं आणि मान डोलावली.

त्या दिवसापासून तिनं मीठ सोडलं. एखादी एकादशी अळणी करणं निराळं. हे रोजचं होतं. भाजीत मीठ घालायच्या आधी ती आपली वाटी काढून ठेवायची. अळणी वरण, अळणी पिठलं, अळणी वांग्याची भाजी. वऱ्हाडातल्या माणसानं अळणी पिठलं खाणं म्हणजे काय, ते इतरांना समजायचं नाही. मी एकदा खाऊन पाहिलं आणि दुसरा घास घेतला नाही. ती रोज खायची, आणि चेहऱ्यावर दुःखही दाखवायची नाही. मला त्याचाच जास्त राग यायचा. निदान तोंड तरी वाकडं करावं!

कुणाच्या घरच्या पंगतीत बसली की वाढणारा आधी मीठ वाढतो. आई पानाच्या डाव्या कोपऱ्यावर पालथा हात धरायची. वाढणारा म्हणायचा, "काकू, चिमूटभर तर घ्या." ती हसून हात तसाच ठेवायची. उन्हाळ्यात आंब्याचं लोणचं मात्र तीच घालायची. मीठ किती ते हातानं नि डोळ्यानं ठरवायचं, चाखायचं नाही. ते लोणचं कधी बिघडलं नाही. मी नि शेजारीपाजारी बोटं चाटत खायचो आणि ती आपली कोरडी भाकर अळणी वरणात कुस्करायची. खाल्ल्या मिठाला जागणारी माणसं असतात असं ऐकलं होतं. न खाल्लेल्या मिठाला इतकं जागणारी बाई मी हीच पाहिली.

मी तिच्या वरणात गुपचूप मीठ घालूनही पाहिलं. मला त्याची लाज नाही, आजही घालीन. तिनं पहिला घास तोंडात घेतला, थांबली, मोरीत जाऊन थुंकली, चूळ भरली. दुसऱ्या दिवसापासून आपलं वरण तिनं आपल्या हातानं वेगळ्या पातेल्यात शिजवायला घेतलं, आणि ते पातेलं ती माझ्या हाताला लागू द्यायची नाही.

इकडे वकीलसाहेब महिन्याभरात गुरुवारी बोलायला लागले. मला ते एका गुरुवारी भाजीबाजारात भेटले, कोथिंबिरीवरून बाईशी वाद घालत होते. मी म्हटलं, "साहेब, आज मौन ना?" तर म्हणाले, "ते सुटलं मॅडम. महाराजांनी आतून सोडवलं."

"आतून म्हणजे कुठून?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं मी नापास मुलाकडे बघते. "तयारी झाली की आपोआप कळतं," ते म्हणाले, आणि कोथिंबीर तिथेच टाकून निघाले. दोन-तीन महिन्यांत ते दोरीच्या पुढे खुर्चीवर होते. चहा सोडलेले गृहस्थही खुर्चीवर होते, हातात चहाचा कप होता. दुपारी न झोपणाऱ्या बाई प्रवचनातच झोपायच्या आणि त्याही झालेल्या होत्या. आई मात्र अमरावतीहून एसटीनं मूर्तिजापूरमार्गे धक्के खात जायची आणि सतरंजीवर दोरीच्या मागे बसायची. तिथं महाराजांची नजर पोचत नव्हती.

मी म्हणायचे, "माय, तुले भुलले ते. जाऊन इचार."

"इचाराचं नाही."

"मंग वकिलाचं कसं सुटलं?"

"त्याईले आतून सांगतलं असन. मले नाही सांगतलं. माही तयारी कच्ची असन."

या बाईची तयारी कच्ची! मी डोक्याला हात लावायचे. तयारीचं हे शास्त्र मला फार लवकर कळलं होतं. ज्याच्याकडे गाडी, त्याची जमीन लवकर तयार होते. ज्याच्याकडे काही नाही, त्यानं नांगरत बसावं.

एक उन्हाळा गेला, दुसरा गेला. तिसऱ्या उन्हाळ्यात मे महिन्यात अमरावती अशी तापली की कूलरमधूनही गरम हवा यायची. आईला रक्तदाबाची गोळी चालू होती, त्या गोळीनं लघवी जास्त होते. घाम वाहत होता, मीठ पोटात जात नव्हतं. पुढे काय होणार ते माझ्या अकरावीच्या वर्गातल्या मुलानंही सांगितलं असतं. एके सकाळी आईनं तुळशीला चहा घातला. मग मला माझ्या मेलेल्या आत्याच्या नावानं हाक मारली आणि विचारलं, बैलं बांधली का? मी तिला धरेपर्यंत ती न्हाणीघराच्या दारात कोसळली.

दवाखान्यातला डॉक्टर तरुण होता. रक्ताचा रिपोर्ट बघून त्यानं विचारलं, "आजी मीठ किती खातात?"

मी म्हटलं, "खात नाहीत."

"कमी खातात?"

"खातच नाहीत."

"कुणी सांगितलं बंद करायला? कोणत्या डॉक्टरनं?"

मी काय सांगणार होते? मी म्हटलं, अकोल्याच्या. तो त्या डॉक्टरवर बराच वेळ चिडत राहिला आणि मला ते ऐकून बरं वाटलं. मग म्हणाला, आत्ता वेळेवर आणलंत. पण पोटात मीठ गेलं नाही तर हे परत होईल, आणि पुढच्या वेळी त्या उठतील याची खात्री नाही.

पुण्याच्या भावाला फोन केला. तो म्हणाला, "अगं, श्रद्धेनं इम्युनिटी वाढते. तिच्या मनाविरुद्ध नको काही." उंटावरून शेळ्या हाकायला त्याला कधीच कष्ट पडले नाहीत. मी फोन ठेवला.

सलाइन लागलं. दुसऱ्या दिवशी आई शुद्धीवर आली. वर लटकलेल्या बाटलीकडे तिनं बराच वेळ पाहिलं आणि परिचारिकेला विचारलं, "याच्यात काय हाय वं?"

"मिठाचं पाणी आहे आजी."

आईनं दुसऱ्या हातानं सुई ओढायला घेतली. मी तिचं मनगट धरलं आणि मला सुचलं ते बोलले, "माय, ते म्हणाले अळणी *खा*. हे तू खाऊन थोडीच राहिली? हे हातातून जाते."

तिनं विचार केला. खरोखर विचार केला, कपाळाला आठ्या घालून. मग म्हणाली, "हो. खाऊ नको म्हणे." आणि हात खाली ठेवला. मला हसावं की रडावं कळेना. शेवटी मी बाहेर जाऊन भिंतीकडे तोंड करून रडले. आणि मग अकोल्याची बस पकडली.

महाराज नाश्ता करत होते. समोर मुगाची भजी होती आणि तळलेल्या हिरव्या मिरच्या. मिरच्यांवर पांढरं मीठ भुरभुरलेलं होतं, ते दुरूनही चमकत होतं. वकीलसाहेब बाजूला उभे. मी दोरी ओलांडून सरळ आत गेले. कोणी अडवलं नाही. तीन वर्षं आई त्या दोरीला हात लावायला भीत होती, आणि ती ओलांडायला फक्त पाय उचलावा लागत होता.

मी सांगितलं. आई कोण, कधी आली, काय आज्ञा मिळाली, आता कुठे आहे. महाराज मिरची चावत ऐकत होते. त्यांना आई आठवली नाही. मी तिचं वर्णन केलं, हिरवं नऊवारी, कपाळावर गोंदण. नाहीच आठवली. मग ते हसले.

"अहो बाई, ते अळणीचं तर आठच दिवसांचं असतं! इथे सगळ्यांना माहीत आहे. आठ दिवसांनी ज्याचं त्यानं सुरू करायचं."

"माझ्या आईला माहीत नव्हतं."

"मग विचारायचं ना कुणाला!"

नुसतं भिंतीकडे बोट केलं. निळ्या ऑइलपेंटची अक्षरं तशीच होती, बहुधा नुकतीच परत रंगवली होती. महाराजांनी तिकडे पाहिलं, आणि मिरचीचं देठ ताटलीच्या कडेला ठेवलं.

तर असं होतं एकूण. आज्ञापालनाच्या त्या कारखान्यात आज्ञा कोणीच पाळत नव्हतं. देणाऱ्यालाही ती पाळली जाईल असं वाटत नव्हतं. एक रीत म्हणून द्यायची, एक रीत म्हणून घ्यायची, आठ दिवस मिरवायची आणि सोडून द्यायची. एवढ्या गर्दीत एकच बाई शब्दाला शब्द म्हणून धरून बसली होती, आणि तिला दोरीच्या मागे बसवलं होतं. मी त्यांच्या थोबाडावर हे सगळं बोलले. काय काय बोलले ते इथे लिहिता येणार नाही. वकीलसाहेब म्हणाले, "मॅडम, भाषा." मी त्यांना विचारलं, "साहेब, तुमचं मौन कोणत्या आतून सुटलं ते सांगता का आता?" ते मौनात गेले. त्या दिवशी गुरुवार नव्हता.

संध्याकाळी दवाखान्यात परत आले आणि आईला म्हटलं, "माय, खाय मीठ. महाराज म्हणाले."

"तुले म्हणाले?"

"हो."

"आज्ञा मले देली होती."

"माय, आठच दिवसांचं होतं ते! सगळ्यायले ठाऊक होतं. तुलेच कोणी सांगतलं नाही."

आई खिडकीबाहेर पाहत राहिली. मला वाटलं, आता तिला राग येईल. आयुष्यात एकदा तरी येईल. पण ती म्हणाली, "ज्याच्या तोंडून देली, त्याच्याच तोंडून सुटू दे. तू नको मधात पडू." डॉक्टरनं लिहून दिलेली पेज तिनं अळणीच प्यायली. आता मरणाशी गाठ होती आणि मध्ये फक्त एका माणसाचं तोंड होतं, ते भजी खाण्यात गुंतलं होतं.

दोन दिवसांनी वकीलसाहेबांचा फोन आला. आवाजात मध. "मॅडम, महाराजांनी आईंना येत्या गुरुवारी व्यासपीठावर बोलावलंय. स्वतः सोडवणार, आणि तिथेच अनुग्रह. गाडी पाठवतो. एसी आहे." मला सगळं उमगलं. ज्या बाईचा चेहरा आठवत नव्हता, तिची आता किंमत कळली होती. तीन वर्षं अळणी खाणारी म्हातारी! असा नमुना कुठे मिळतो? मी नाही म्हणणार होते. पण आईला मीठ खायला लावणारं तोंड तेवढं एकच होतं.

गुरुवारी गाडी आली. आई नवं लुगडं नेसली, उजवा कान तेल घालून साफ केला. नाम त्यात पडणार होतं. वाटेत तिनं मला तीनदा विचारलं, कानाजवळ पदर आडवा येत नाही ना. मी दरवेळी तो मागे सारत होते.

मांडव भरला होता. मोठा पडदा लावला होता, त्यावर महाराजांचा चेहरा. आईला दोरीच्या पुढून, खुर्च्यांच्या मधून, सगळ्यांच्या देखत वर नेलं. महाराज माईकवर सुरू झाले. आज्ञापालन म्हणजे काय, ते पाहायचं असेल तर या माउलीला पाहा. आम्ही सांगितलं, अळणी खा. या माउलीनं काळ मोजला नाही, वेळ मोजली नाही, प्राण पणाला लावले पण शब्द मोडला नाही. लोक टाळ्या वाजवत होते. वकीलसाहेबांनी रुमाल डोळ्यांना लावला. आपण विसरलो होतो, हे महाराजांनी सांगितलं नाही. आठ दिवसांचंही सांगितलं नाही. माझ्या शेजारच्या बाई मला म्हणाल्या, "किती भाग्यवान तुमच्या आई!" मी त्यांना म्हटलं, तुम्हीही अळणी खाऊन भाग्यवान व्हा. त्यांनी खुर्ची सरकवली.

मग चांदीच्या वाटीतून महाराजांनी चिमूटभर मीठ काढलं आणि आईच्या तळहातावर ठेवलं. "माई, सुटलात. घ्या." फोटोवाले पुढे सरसावले. आईनं मीठ कपाळाला लावलं आणि तोंडात टाकलं. तिचा चेहरा वेडावाकडा झाला. तीन वर्षांनी चव लागली होती, खारट लागणारच. मी हुश्श केलं. माझं काम झालं होतं, मला उठून तिला घेऊन जायचं होतं.

"आता अनुग्रह," महाराज म्हणाले, "तुमची तयारी झाली." आणि ते तिच्या डाव्या कानाशी वाकले.

आईनं डोकं मागे घेतलं. मला वाटलं, उजवा कान पुढे करते आहे. पण ती त्यांच्याकडे बघत होती. माईक महाराजांच्या गळ्याशी होता, त्यामुळे ती हळू बोलली तरी सगळ्या मांडवाला ऐकू गेलं.

"महाराज, एक इचारू का? आता सुटली म्हणून इचारून राहिली."

"विचारा माई, विचारा!"

"तुमी कधी अळणी खाल्लं का?"

महाराज हसले. लोकही हसले. आई हसली नाही. ती उत्तराची वाट पाहत होती. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"माई, गुरूला तयारी कशाची?" महाराज म्हणाले.

"तसं नाही," आई म्हणाली. "माह्या पोरीनं सांगतलं, ते आठच दिवसांचं होतं. तुमी सांगाले भुलले. भुलते माणूस, त्याचं काही नाही. पण ज्यानं अळणी खाल्लं, तो दुसऱ्याले अळणी देऊन भुलत नाही. रोज जेवताना याद येते त्याले." तिनं हात जोडले. "तुमी आठ दिवस अळणी खाऊन पाहा. तुमची तयारी झाली, की मले सांगजा. मी नाव घ्याले येतो. तवर थांबतो. मले काही घाई नाही."

ती वाकून नमस्कार करून खाली उतरली. मी पायरीशी धावले, उतरताना तिनं माझा हात धरला. माईक कोणीतरी बंद केला, पण महाराजांचा चेहरा पडद्यावर तसाच मोठा दिसत राहिला, आणि कॅमेरावाल्याला तो कसा काढावा हे सुचत नव्हतं. मांडवात कोणी टाळी वाजवली नाही. आम्ही खुर्च्यांमधून जाताना मघाच्या बाई माझ्याकडे बघून पुटपुटल्या, "अहंकार, दुसरं काय."

परतीला गाडी नव्हती. ती महाराजांच्या कामाला गेली, असं वकीलसाहेबांनी माझ्याकडे न बघता सांगितलं. आम्ही ऑटोनं बसस्टँडवर आलो. मूर्तिजापूरला बस थांबली तेव्हा मी खारे शेंगदाणे घेतले. आईनं एक तोंडात टाकला, चावला. "खारट हाय," ती म्हणाली, आणि पुडी माझ्या हातातून घेऊन घरापर्यंत एकेक दाणा खात राहिली.

मला वाटलं होतं, विषय संपला. आईनं महाराजांना चांगलं खेळवलं, असं मी शेजारीपाजारी सांगत सुटले होते. पण आईनं कोणालाच खेळवलं नव्हतं. ती म्हणाली होती थांबतो, तर ती थांबली आहे. दर गुरुवारी सकाळी जेवणाआधी ती माझ्याकडून वकिलांना फोन लावून घेते, उजव्या कानाला धरते आणि विचारते, "वकीलसाहेब, झाली का महाराजाची तयारी?" आधी ते काहीबाही सांगायचे, मग "बघतो काकू" म्हणायला लागले, आता उचलतच नाहीत. उजव्या कानालाही हल्ली कमी ऐकू येतं. तरी ती रिंग पूर्ण वाजू देते, मग फोन मला परत देते. "नसन झाली अजून," ती म्हणते, आणि पानात डाव्या कोपऱ्यावर आपल्या हातानं मीठ वाढून घेते.